टी४२ ला भलताच डिस्प्ले बसवलाय, अक्षरं अर्धीच दिसतात (नाशिक)

जुळारी

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं छपाईचं छोटं काम आहे. छपाई बाहेरून करून घेतो, पण अक्षरजुळणी आणि पानं लावणं अजून घरीच होतं. त्यासाठी २००४ सालचा आयबीएम थिंकपॅड टी४२ वापरतो. चौदा इंची, जुन्या चौकोनी पडद्याचा. त्यात विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ आणि मराठी टंकांचं एक जुनं पॅकेज आहे. त्या पॅकेजचं डाँगल मागच्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टात बसतं. डाँगल नसेल तर टंक उघडत नाहीत.

२००३ आणि २०१५ च्या सिंहस्थात आम्ही ज्या पुस्तिका केल्या (घाटांची माहिती, स्नानाच्या तिथी, आरत्या) त्यांच्या मूळ फाइली यातच आहेत. पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि जुनी गिऱ्हाइकं फेरछपाईची विचारणा करू लागली आहेत.

झालं असं की डिस्प्ले सुरू होताना आधी लालसर दिसायचा, मग हळूहळू पांढरा व्हायचा, आणि शेवटी अंधारच झाला. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने चौदा इंचीच दुसरं पॅनेल आणून बसवलं. उजेड छान पडतो, पण चित्रात एकाआड एक उभी रेघ गायब आहे. काना आणि वेलांटी कुठे दिसतात, कुठे नाहीत. 'प' आणि 'ष' ओळखता येत नाहीत. बाहेरचा मॉनिटर लावला की सगळं स्वच्छ. दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड गेला, भंगारात द्या. मला ते पटत नाही. कुणाला अनुभव आहे का?

वणीचा_वाटसरू

काका, मदरबोर्डचं माहीत नाही, पण एवढ्या जुन्या यंत्रावर धंदा अवलंबून ठेवणं धोक्याचं आहे. चांगला सेकंड हँड लॅपटॉप घ्या, त्यात व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने केलेला दुसरा संगणक) करून एक्सपी टाका. फाइली तिथे उघडा.

मंजिरी

वाटसरू, एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालेल, अडतं ते डाँगलपाशी. नव्या लॅपटॉपला पॅरलल पोर्टच नसतो. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल फक्त प्रिंटरशी बोलते. डाँगलला पोर्टावर थेट ताबा लागतो, तो त्या केबलमधून मिळत नाही. डेस्कटॉपमध्ये पॅरललचं कार्ड बसवून जमवता येतं, पण तो वेगळा उद्योग.

जुळारी काका, डिस्प्लेचं जाणकार सांगतीलच. त्याआधी माझी एक कळकळीची विनंती आहे. हार्ड डिस्क काढा आणि तिची पूर्ण प्रत करून घ्या. टी४२ मध्ये अडीच इंची, ४४ पिनांची आयडीई डिस्क असते. तिचा यूएसबी अडॅप्टर अजून मिळतो. पडदा आज ना उद्या होईल, वीस वर्षांची डिस्क बसली तर पुस्तिका परत येणार नाहीत. आणि बाहेरचा मॉनिटर चालतोय तोवर प्रत्येक पुस्तिकेची पीडीएफ करून ठेवा, टंक आत बसवून. दुरुस्ती होवो न होवो, पीडीएफ कुठेही उघडेल.

सोल्डरवाला

सिडकोत राहतो. पूर्वी टीव्ही, नंतर मॉनिटर, आता जे येईल ते दुरुस्त करतो.

मदरबोर्ड गेला असं लगेच म्हणू नका. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र शुद्ध आहे म्हणजे ग्राफिक चिप चित्र नीट तयार करतेय. पण निकाल देण्याआधी चार गोष्टी सांगा.

यंत्र सुरू होताना आयबीएमची खूण येते, तिच्यातही रेघा आहेत का?
झाकण पुढेमागे हलवल्यावर रेघा बदलतात का?
टेबलावर सपाट असताना आणि एका कोपऱ्याने किंचित उचलल्यावर काही फरक पडतो का? (एकदाच बघा, पुन्हा उचलू नका. या पिढीच्या बोर्डांवर ग्राफिक चिपखालचं सोल्डर वाकण्याने तडकतं. टी४० ते टी४२ नेहमी दोन्ही हातांनी उचलावा.)
आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या आणि नव्या पॅनेलच्या पाठीवरचं लेबल वाचून काय ते लिहा.

जुळारी

डिस्कची प्रत मुलाने करून घेतली. मंजिरीताई, तुमचे आभार. पीडीएफचं काम सुरू आहे.

सोल्डरवाला भाऊ, खुणेतही रेघा आहेत. झाकण हलवून काही बदलत नाही, उचलूनही नाही. जुनं पॅनेल मी मागून घेतलं होतं. त्याच्या लेबलावर १०२४ × ७६८ आहे, बसवलेल्यावर १४०० × १०५०. दोन्हीचं कनेक्टर अगदी एक, ३० पिनांचं. त्याच केबलला दोन्ही बसतात.

सोल्डरवाला

मग उत्तर सापडलं. मदरबोर्ड ठीक आहे, पॅनेलही ठीक आहे. दोघांच्या मधली केबल अपुरी पडतेय.

सविस्तर लिहितो, कारण हा घोटाळा वारंवार होतो आणि चांगली यंत्रं भंगारात जातात.

या काळातल्या लॅपटॉपमध्ये बोर्डाकडून पडद्याकडे चित्र एलव्हीडीएस पद्धतीने जातं. तारांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक तार उलट, एक सुलट, आणि दोन्हींतला फरक साधारण ३५० मिलिव्होल्ट. तीन जोड्या माहितीच्या आणि एक ठोक्याची, म्हणजे क्लॉकची, मिळून एक चॅनेल होतो. क्लॉकच्या एका ठोक्यात प्रत्येक माहितीच्या जोडीवरून ७ बिट जातात, तीन जोड्यांचे २१. त्यातले १८ रंगाचे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ६) आणि ३ ओळ-पान सांभाळणारे.

१०२४ × ७६८ ला ६० हर्ट्झवर सेकंदाला साडेसहा कोटी ठोके लागतात. एका चॅनेलला ते आरामात झेपतं. १४०० × १०५० ला हा आकडा दहा कोटींच्या वर जातो. म्हणून त्या पॅनेलांना दोन चॅनेल दिले. विषम क्रमांकाचे पिक्सेल पहिल्यावरून, सम क्रमांकाचे दुसऱ्यावरून. ३० पिनांच्या प्रचलित मांडणीत पिन १ अर्थ (अर्थिंग, ग्राउंड), २ आणि ३ ला ३.३ व्होल्ट, ४, ६ आणि ७ पॅनेल स्वतःची माहिती यंत्राला देतं त्या ओळखपत्रासाठी, ८ ते १८ पहिला चॅनेल आणि २० ते ३० दुसरा. कमी रिझोल्यूशनच्या पॅनेलात २० ते ३० या पिना रिकाम्या असतात, आणि त्याच्या केबलमध्ये तिथे तारा घालायची गरजच नसते.

तुमची केबल जुन्या पॅनेलची आहे. नव्याला तिच्यातून फक्त विषम स्तंभ पोहोचतात. सम स्तंभांसाठी तारच नाही.

कनेक्टर बसलं म्हणजे पॅनेल जुळलं असं धरून चालतात, तिथेच सगळं फसतं. इंच मोजून पॅनेल आणू नये. लेबल वाचून आणावं.

जुळारी

म्हणजे दोनरंगी कामात एकच प्लेट चढवून कागद काढावा, तसं झालंय तर. आता डोक्यात बसलं.

वणीचा_वाटसरू

शंका. मग विंडोजमध्ये रिझोल्यूशन १०२४ × ७६८ करून भागणार नाही का? तेवढंच चित्र पाठवायचं ना?

कर्नलकाका

नाही भागणार, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

प्रत्येक पॅनेलात एक छोटी मेमरी असते. तिच्यात १२८ बाइटचं ओळखपत्र, म्हणजे एडिड असतं. उत्पादक कोण, पिक्सेल किती, ठोका किती, कडेला मोकळा वेळ किती सोडायचा. यंत्र सुरू होताच ग्राफिक चिप ते वाचते आणि त्या मापाने सिग्नल काढते. तुम्ही विंडोजमध्ये लहान रिझोल्यूशन निवडलं तरी चिप ते चित्र ताणून १४०० × १०५० करते आणि पॅनेलला त्याच्या स्वतःच्या मापानेच देते. एलसीडीला ठरलेल्या पिक्सेलांशिवाय दुसरं माप नसतं. त्यामुळे सम स्तंभ रिकामेच राहतील, फक्त अक्षरं मोठी होऊन तुटतील.

खोटं ओळखपत्र देऊन फसवायचं म्हटलं तरी पॅनेलच्या आतलं सर्किट दुसऱ्या चॅनेलची वाट बघणारच. हा तारांचा प्रश्न आहे, सॉफ्टवेअरने सुटणार नाही.

ओळखपत्र वाचायचं असेल तर लिनक्सची सीडी लावून वाचता येतं. टी४२ चा पेंटियम एम ३२ बिटचा आहे, त्यामुळे डेबियन नावाच्या लिनक्सचं १२ किंवा त्याआधीचं घ्यावं लागेल. १३ मध्ये ३२ बिटच्या यंत्रांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं बंद झालं. पण इथे लेबल स्पष्ट आहे, खटाटोप कशाला.

अंबडकर

सोल्डरवाला दादांच्या निदानाला +१. खात्री करून घ्यायची असेल तर मल्टिमीटर पुरे. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून केबल सोडवा. मीटर बीपवर ठेवून केबलच्या दोन्ही टोकांना लावा, तार सलग असेल तर बीप येतो. २० ते ३० पर्यंतच्या पिनांवर बीप आला नाही की विषय संपला. पॅनेलच्या बाजूने प्रत्येक जोडीत साधारण १०० ओहम दिसायला हवेत, कारण तेवढा रेझिस्टर आत जोडलेला असतो. सगळ्या जोड्यांवर तो आकडा आला तर पॅनेलची सिग्नल घेणारी बाजू शाबूत आहे असं समजा.

मीटरचं टोक जाड असेल तर शिवणाची सुई बांधून घ्या. पिना फार जवळ असतात, जोर लावू नका.

जुळारी

मुलाने मोजलं. २० पासून पुढे एकही बीप नाही. पॅनेलच्या जोड्यांवर ९८ ते १०२ आले.

आता करू काय? जुन्या मापाचं पॅनेल शोधू की नव्याला साजेशी केबल?

सोल्डरवाला

दोन्ही रस्ते खरे आहेत. १०२४ चं पॅनेल आणलं तर केबलला हात लावावा लागणार नाही, काम सोपं. चौदा इंची टी४२ दोन्ही मापांत विकला जायचा, म्हणून तुमच्या बोर्डावरून दुसरा चॅनेल बाहेर निघत असणार. १४०० ची केबल मिळाली तर तेच पॅनेल पूर्ण चालेल.

मी केबलच्या बाजूने आहे. पानं लावणाऱ्या माणसाला जास्त पिक्सेल हवेतच. १४.१ इंचात १०२४ × ७६८ म्हणजे इंचाला ९१ ठिपके, १४०० × १०५० म्हणजे १२४. पानाची रुंदी पूर्ण मावते आणि बाजूला पॅलेटही उघडे राहतात.

दोन ताकिदी देतो. 'युनिव्हर्सल' म्हणून मिळणारी केबल लावू नका. पिनांची मांडणी वेगळी निघाली तर ३.३ व्होल्ट सिग्नलच्या तारेवर जातील आणि मग खरंच बोर्ड जाईल. तसंच एम.जी. रोडला कुणी नवीन एलईडी पॅनेल 'बसवून देतो' म्हणालं तर नको म्हणा. त्यांचं कनेक्टर ४० पिनांचं, उजेडाचा पुरवठा त्यातूनच. अलीकडच्यांचा तर सिग्नलच ईडीपी, म्हणजे पद्धतच वेगळी.

मंजिरी

सोल्डरवाला दादा, काकांचं वय लक्षात घ्या. १२४ ठिपक्यांत एक्सपीचे मेनू फार बारीक दिसतील. माझ्या बाबांना अशा पडद्यावर डोकेदुखी व्हायची. १०२४ च जास्त सोयीचं.

सोल्डरवाला

ताई, मुद्दा बरोबर आहे. पण एक्सपीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ९६ ऐवजी १२० डीपीआय निवडता येतं, मेनू वाढतात. काही जुन्या खिडक्यांत बटणं कापली जातात, तेवढं चालवून घ्यावं लागतं. पानातला मजकूर तर पेजमेकरमध्ये हवा तेवढा मोठा करता येतो. आणि जोडाक्षरं ९१ ठिपक्यांत गिचमिड होतात, १२४ मध्ये 'द्ध' आणि 'ध्द' वेगळे दिसतात. मुद्रितं तपासताना हा फरक मोठा आहे.

जुळारी

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि ठरवलं. केबल शोधायची.

द्राक्षमळा

पिंपळगाव बसवंतहून. रोज वाचतो, लिहितो कमी.

माझ्याकडे एक टी४१ पडून आहे. पडद्यावर लोखंडी पेटी पडली, काच फुटली. नंतर बोर्डही बंद पडला. तुमचा धागा वाचून त्याचं झाकण उघडलं, पाठीवर १४०० × १०५० लिहिलंय. केबल सलग दिसतेय, कुठे चिमटलेली नाही. तुमच्या कामाची असेल तर घेऊन जा. पैसे नकोत. आमच्या सोसायटीचे अहवाल तुमच्यासारख्याच एका छापखान्यात होतात, त्या माणसाचं काम अडलेलं मी बघितलंय.

सोल्डरवाला

वा! चौदा इंची टी४०, टी४१, टी४२ ची झाकणं एकमेकांना चालतात, केबलही चालायला हवी. तरी जोडण्याआधी मीटर लावाच. पॅनेलकडच्या १ नंबरला बोर्डाच्या बाजूने अर्थ मिळतो का, २ आणि ३ एकमेकांना जोडलेले आहेत का, २० ते ३० वर बीप येतो का, आणि शेजारच्या दोन तारा एकमेकांना चिकटलेल्या नाहीत ना. एवढं झालं की बिनधास्त लावा.

केबल बदलायची म्हणजे पूर्ण झाकण उतरवावं लागतं. आयबीएमची दुरुस्तीची पुस्तिका मोफत मिळते, तिच्यात कोणता स्क्रू किती लांबीचा ते दिलंय. लांब स्क्रू भलत्या जागी गेला तर बोर्डाला टोचतो. काढलेले स्क्रू कागदावर चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. झाकणातून वायफायच्या अँटेनाच्या बारीक तारा जातात, त्या बिजागरीत अडकू देऊ नका.

आणि इन्व्हर्टर. पॅनेलखाली लांबट पट्टी असते ती. पडद्यामागची ट्यूब त्याच्यावर चालते. चालू असताना तिथे सहाशे-सातशे व्होल्ट असतात, सुरू होताना त्याहून जास्त. झाकण उघडं ठेवून यंत्र चालू करून बघायचा मोह होतो. केलंत तर त्या टोकाला हात लागता कामा नये.

कर्नलकाका

केबल आणायला गेलात की फुटलेलं पॅनेलही बघून या. ट्यूब शाबूत असेल तर पुढेमागे कामाला येईल. मात्र आंबूस, व्हिनेगरचा वास येत असेल आणि कडा चिकट लागत असतील तर घरी आणू नका. ओलाव्यात पोलरायझरची फिल्म कुजते तेव्हा तो वास येतो. बंद कपाटात पावसाळे काढलेल्या पॅनेलांत हे हमखास होतं.

जुळारी

मंडळी, चालू झाला!

द्राक्षमळा भाऊंकडे जाऊन केबल आणली. चहा झाला, द्राक्षं घेतल्याशिवाय सोडलं नाही. मीटर लावला, सगळं सोल्डरवाला भाऊंनी सांगितलं तसं निघालं. मुलाने आणि मी मिळून झाकण उतरवलं. केबल बिजागरीपाशी दोन ठिकाणी वळते, तिथे जुन्या केबलचा फोटो काढून ठेवला होता म्हणून नवी तशीच बसवता आली. हे कुणी करणार असेल तर फोटो जरूर काढा, पुस्तिकेतल्या चित्रात ते वळण नीट दिसत नाही.

सुरू केल्याबरोबर आयबीएमची खूण अखंड आली. एकही रेघ नाही. एक्सपीने १४०० × १०५० आपोआप उचललं. १२० डीपीआय केलं, मेनू वाचता येतात. पेजमेकरची एक खिडकी कापली जाते, पण एंटर दाबून काम होतं.

मग २००३ ची पुस्तिका उघडली. रामकुंडाच्या पानावर तळटीप आहे, सहा पॉइंटची. जुन्या पडद्यावर ती मी कधी न वाढवता वाचली नव्हती. त्यात 'शुद्ध' शब्द दोनदा आहे आणि दुसऱ्या वेळी 'शुध्द' छापला गेलाय. ही फेरछपाई निघेल तेव्हा तो दुरुस्त झालेला असेल.

दुरुस्तीवाल्याकडेही जाऊन आलो. दोन्ही केबली समोर ठेवल्या, पिना दाखवल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत टिपून ठेवलं. मला ते आवडलं.

मंजिरी

फार आनंद झाला काका. पीडीएफ मात्र थांबवू नका. आणि सवड मिळेल तशी एकेक पुस्तिका युनिकोडमध्ये आणा. जुन्या टंकांचे परिवर्तक टंकागणिक वेगळे असतात, त्यामुळे परिवर्तन झाल्यावर मुद्रित वाचावंच लागतं. मी सवडीने वाचून देईन, मला पाठवा.

अंबडकर

वाखुसा (वाचनखूण साठवली). नाशकात अशी बरीच यंत्रं अजून मशीन शॉपमध्ये पॅरलल पोर्टासाठी राखलेली आहेत. आमच्याकडेच एक आहे. उद्या झाकण उघडून लेबल लिहून ठेवतो, वेळ आल्यावर शोधाशोध नको.

कर्नलकाका

जुळारी काका, तुमचं १०२४ चं जुनं पॅनेल आणि ती एका चॅनेलची केबल आता रिकामी झाली. माझ्या टी४० चा डिस्प्ले जातोय, त्यालाही तेच माप आहे. तुम्हाला नको असेल तर मी घेईन. ट्यूब बदलेन.

जुळारी

घेऊन जा, तुमचंच आहे. केबल गुंडाळलेली नाही, सरळ पुठ्ठ्यावर लावून ठेवलीय.

सोल्डरवाला

कर्नलकाका, ट्यूब बदलायला माझ्याकडे या. दोन मिलिमीटर जाडीची काचेची नळी असते, टोकाचा सोल्डरचा डाग सोडवताना हमखास तडकते, आणि आत पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडून बाहेर जायचं, झाडू मारायचा नाही. ट्यूब आणताना जुनीची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजून आणा, पॅनेलच्या इंचांवरून अंदाज करू नका.